अंगावरून जातंय : परभणी जिल्ह्यात उपचार कोणते आणि खर्च किती

दसरा जवळ आला की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतल्या ऊसतोड टोळ्या निघायच्या तयारीला लागतात. उचल घेऊन खर्चही झालेली असते आणि मुकादमाने गाडीची तारीख सांगितलेली असते. नेमक्या याच दिवसांत एखादी बाई दवाखान्यात येऊन सांगते, ‘महिन्यातून दोनदा अंगावरून जातंय, गाठी पडतात. आता पाच-सहा महिने फडात कसं निभवायचं?’ जाऊबाई, शेजारीण, कधी खुद्द दवाखान्यातलं कुणी तिला एकच उत्तर देतं : एकदाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.

शेजारच्या बीड जिल्ह्यात या उत्तराचं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने २०१९ मध्ये पाहिलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे सर्वेक्षण आलं, त्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती होती आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं. त्यानंतर बीडमधल्या खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. परभणी आणि बीड यांच्यात जिल्ह्याची हद्द आहे, पण ऊस, कर्ज आणि पाळीबद्दलची भीती दोन्हीकडे सारखीच आहे.

म्हणून हा लेख पैशाच्या बाजूने लिहिला आहे. पाळीच्या तक्रारीवर पहिला रुपया कुठे घालायचा, दुसरा कुठे आणि कोणता रुपया घालायचाच नाही, हे कळलं तर निम्म्याहून अधिक बायकांचं काम काही शे रुपयांत, सरकारी दवाखान्यात तर जवळजवळ फुकटात होऊ शकतं. पुढे दिलेले खासगी दर तालुका आणि जिल्ह्याच्या गावांतला ढोबळ पल्ला आहेत. दवाखान्यागणिक त्यांत फरक पडतो, म्हणून आधी विचारा आणि मगच खुर्चीवर बसा.

आधी बिघाड कशाला म्हणायचं ते पाहू. दोन पाळ्यांच्या पहिल्या दिवसांत २४ ते ३८ दिवसांचं अंतर आणि आठ दिवसांपर्यंत स्राव, हे सगळं नेहमीचं आहे. पाळी बरोबर तिसाव्या दिवशीच यायला हवी असा काही नियम नाही. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं आणि जाण्याआधीची चार-पाच वर्षं ती मागेपुढे होतेच. तासाभरात पॅड किंवा घडी भिजत असेल, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, रात्री उठून बदलावं लागत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर मात्र तपासणी हवीच. पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत डाग दिसला, तर तो एक थेंब असला तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

पहिला खर्च कॅलेंडरचा, म्हणजे शून्य. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तीन महिने रोज खूण करा : किती पॅड लागले, गाठी होत्या का, दुखलं का. डॉक्टरपुढे ‘लई जातंय’ म्हणण्याऐवजी हा कागद ठेवला तर अर्धं निदान तिथेच होतं. कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही लिहा. गौरी-गणपती, नवरात्र, घरातलं लग्न किंवा वारी यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या या गोळ्या वर्षातून तीन-चारदा घेतल्या तर पाळीचं वेळापत्रक विस्कटतं आणि मग त्याच विस्कटलेल्या पाळीवर हजारो रुपये खर्च होतात. संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीचं आणि ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनचंही तेच. अंतराने सुरुवातीचे काही महिने डाग पडत राहतात. तो आजार नाही, पण ते इंजेक्शन घेताना कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरा खर्च गरोदरपणाच्या चाचणीचा. पाळी चुकून मग रक्तस्राव झाला असेल तर आधी हेच बघायचं. आशाताईंकडे आणि आरोग्य उपकेंद्रात ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. बाजारात ते पन्नास-साठ रुपयांना येतं. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे म्हणून ही चाचणी टाळू नका. क्वचित गर्भ नळीत राहतो आणि पोटात रक्त साचून जीव जातो.

तिसरा खर्च हिमोग्लोबीनचा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. ज्या बाईचं दर महिन्याला जास्त जातं, तिचं हिमोग्लोबीन १२ च्या खाली येतं, मग १० च्या, मग ७ च्या. दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, ऊस उचलवत नाही. हा थकवा पिशवीचा नाही, लोहाच्या कमतरतेचा आहे. पिशवी काढली तरी लोह आपोआप भरून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या दोन्ही मोफत आहेत. खासगी प्रयोगशाळेत रक्ताची संपूर्ण तपासणी २०० ते ४०० रुपयांत होते आणि थायरॉईडची जवळपास तेवढ्यातच. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्या. शौचाला काळं होतं म्हणून बंदही करू नका. हिमोग्लोबीन फारच खाली असेल तर शिरेतून लोह दिलं जातं. ते सरकारी रुग्णालयात मोफत असतं, बाहेर मात्र इंजेक्शनच्या प्रकाराप्रमाणे काही शे ते तीन-चार हजार रुपये लागतात.

सोनोग्राफीचा कागद कसा वाचायचा

इथे थोडं थांबूया, कारण सगळ्यांत जास्त पैसा आणि सगळ्यांत जास्त भीती या एका कागदातून निघते. सोनोग्राफी खासगीत साधारण ८०० ते १,५०० रुपयांत होते. रिपोर्टमध्ये ‘बल्की युटेरस’ लिहून येतं आणि घरी पोचेपर्यंत त्याचं ‘पिशवीला सूज’ झालेलं असतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणं स्वाभाविक आहे. त्यात आजार नाही. पिशवीच्या तोंडावर बारीक फोड, अंडाशयात दोन-तीन सेंटिमीटरची पाण्याची गाठ, एखादी सुपारीएवढी गाठ या गोष्टी कित्येक निरोगी बायकांत सापडतात आणि त्यांचा रक्तस्रावाशी काही संबंध नसतो. पाण्याची गाठ बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. तेवढ्या काळानंतर पुन्हा सोनोग्राफी करणं हाच तिचा उपचार.

अस्तराची जाडीही पाळीच्या दिवसाप्रमाणे बदलते. पाळीनंतर लगेच पातळ, पुढची पाळी जवळ आली की जाड. म्हणून सोनोग्राफीच्या दिवशी शेवटच्या पाळीची तारीख सांगायलाच हवी. नाहीतर पंचविसाव्या दिवसाचं जाड अस्तर आजार म्हणून वाचलं जातं. पाळी गेलेल्या बाईत मात्र गणित उलटं आहे. रक्तस्राव होत असेल आणि अस्तर चार मिलिमीटरहून जाड असेल तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे.

‘पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य कुणी उच्चारलं तर एकच विचारा : कोणत्या तपासणीत दिसलं? गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पिशवीच्या तोंडाची तपासणी असते. ती तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य संस्थांत मोफत होते. आतल्या अस्तराच्या कर्करोगासाठी बायोप्सी असते. साध्या सोनोग्राफीवरून कर्करोग ठरत नाही, आणि ‘होईल’ म्हणून निरोगी अवयव काढत नाहीत.

डॉक्टर मंडळी २०११ पासून जगभर एक यादी वापरतात. त्यात रक्तस्रावाची नऊ कारणं आहेत. चार डोळ्यांना दिसणारी : पॉलिप म्हणजे कोंब, अॅडिनोमायोसिस म्हणजे अस्तर स्नायूत घुसणं, फायब्रॉईडच्या गाठी, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था. पाच न दिसणारी : रक्त न गोठण्याचा दोष, बीज वेळेवर न सुटणं, अस्तराचाच बिघाड, औषधांचा किंवा तांबीचा परिणाम, आणि उरलेली किरकोळ. तुमच्या डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न हाच : यांपैकी माझं कारण कोणतं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मोठ्या खर्चाला हो म्हणू नका.

गोळ्यांचा हिशेब

कारण साधं निघालं, आणि बहुतेकदा ते साधंच निघतं, तर उपचार गोळ्यांनी सुरू होतो. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे नाव लक्षात ठेवा. यात हार्मोन नाही. पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांपुरत्याच या गोळ्या घ्यायच्या : ५०० मिलिग्रॅमच्या दोन, दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त पाच दिवस. स्राव जवळपास चाळीस-पन्नास टक्क्यांनी कमी होतो. ब्रँडप्रमाणे एक गोळी साधारण १० ते २५ रुपयांना पडते. पाचही दिवस घेतल्या तर तीस गोळ्या, म्हणजे महिन्याला ३०० ते ७५० रुपये. जनऔषधी केंद्रात हेच औषध पुष्कळ स्वस्त मिळतं. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. ज्यांच्या पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली आहे त्यांनी हे औषध घेऊ नये. पाळीत दुखतही असेल तर मेफेनॅमिक अॅसिड दुखणं आणि स्राव दोन्ही कमी करतं, आणि ते फारच स्वस्त आहे.

बीज वेळेवर सुटत नसल्यामुळे पाळी बिघडली असेल तर हार्मोनच्या गोळ्या लागतात. आपल्या उपकेंद्रात पडून असलेली ‘माला-एन’ हीच त्यासाठीची एक उत्तम गोळी आहे. ती मोफत मिळते. आशाताई घरपोच देतात तेव्हा पाकिटाला एक रुपया घेतात. मूल नको असलेल्या बाईला पाळी बांधून घेणं आणि दिवस न राहणं ही दोन कामं ती एकदम करते. मात्र तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या, रक्तदाब असलेल्या, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमक दिसणाऱ्या आणि पस्तिशीपुढच्या बायकांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी गोळी ‘छाया’. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही हार्मोनविरहित गोळी सरकारी केंद्रांत गर्भनिरोधक म्हणून मोफत मिळते. त्याच औषधाची दुप्पट ताकदीची, ६० मिलिग्रॅमची गोळी जास्त रक्तस्रावासाठी वापरतात : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढचे तीन महिने आठवड्यातून एकदा. सहा महिन्यांत छत्तीस गोळ्या होतात. एवढ्या सोप्या उपचाराचं नाव आपल्याकडे क्वचित निघतं. तुम्ही काढा. अंडाशयात गाठी किंवा यकृताचा आजार असेल तर ही चालत नाही.

नॉरइथिस्टेरॉन ही स्राव थांबवणारी गोळी. अंगावरून धो-धो जात असताना ती खरंच उपयोगी पडते, पण ती बंद केल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा रक्तस्राव होतो. तो होणारच असतो. हे न सांगितल्यामुळे बाई घाबरते, ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणते आणि तिथूनच ऑपरेशनची वाट धरते. कोणत्याही हार्मोनच्या गोळीला तीन महिने द्या. दहा दिवसांत निकाल लावू नका.

याच्या पुढची पायरी म्हणजे हार्मोन असलेली तांबी. तांब्याच्या साध्या तांबीने पाळी वाढते, हिने ती कमी होते, कधी थांबतेच. ही पिशवीत बसवली की किमान पाच वर्षं काम करते. कंपनीप्रमाणे खर्च साधारण तीन ते नऊ हजार, बसवायचे पैसे वेगळे. एकदम ऐकलं तर आकडा मोठा वाटतो. सहा हजार धरले तर पाच वर्षांचे साठ महिने, म्हणजे महिन्याला शंभर रुपये. अॅडिनोमायोसिस असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, पाळी जायची वाट पाहणाऱ्या बाईसाठी याहून चांगला सौदा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिले तीन-सहा महिने डाग पडत राहतात, तेवढा धीर हवा.

पिशवी साफ करणं, म्हणजे क्युरेटिंग, खासगीत पाच ते बारा हजारांत होतं. हा उपचार कमी आणि तपासणी जास्त आहे. निघालेला तुकडा प्रयोगशाळेत गेला नाही तर पैसे पाण्यात. पावतीसोबत बायोप्सीचा रिपोर्ट हातात घ्या. पंचेचाळिशीपुढच्या बाईत, किंवा वजन आणि साखर जास्त असलेल्या बाईत, ही बायोप्सी टाळू नये. बऱ्याचदा भूल न देता बारीक नळीने ओपीडीतच ती करता येते आणि खर्चही पुष्कळ कमी होतो. कोंब असेल तर दुर्बिणीतून काढतात, पंधरा ते तीस हजार. त्यासाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागलं तरी एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मंच भाडं आहे.

आता मोठं ऑपरेशन

मोठ्या गाठी, न आवरणारा अॅडिनोमायोसिस, बायोप्सीत सिद्ध झालेला कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था, सगळे उपाय करूनही हिमोग्लोबीन खाली जाणं, यांत पिशवी काढणं योग्य आहे आणि ते वेळेवर केलेलं बरं. खासगीत पोटावरून किंवा खालच्या वाटेने पंचवीस ते साठ हजार, दुर्बिणीतून पन्नास हजार ते लाख. पण बिल हा खर्चाचा एकच भाग. सहा आठवडे जड काम बंद. मजुरी रोज तीनशे धरली तर बेचाळीस दिवसांचे १२,६०० रुपये गेले. पैसे सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी उचलले असतील तर पन्नास हजारांवर महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार व्याज. म्हणजे पन्नास हजारांचं ऑपरेशन वर्षात ऐंशी हजारांना पडलं. पिशवीसोबत अंडाशयही काढले तर पस्तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं : अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका वाढलेला. त्याच्या औषधांचा खर्च पुढची वीस वर्षं. अंडाशय ठेवणार की काढणार, हे लेखी विचारा.

सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. चाळिशीच्या आतल्या बाईवर अशी शस्त्रक्रिया ठरत असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या मताला तीनशे-पाचशे रुपये लागतील. संमतिपत्रावर सही तुमची लागते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. ‘आजच भरती व्हा’ ही घाई जीवघेणा रक्तस्राव असेल तरच खरी.

पैसे न भरता कुठे? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक केंद्रं, ग्रामीण, उपजिल्हा आणि स्त्री रुग्णालयं यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, औषधं, शस्त्रक्रिया सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे नाममात्र शुल्क असतं. परभणीतही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे केसपेपरच्या खिडकीवरच विचारून घ्या. ऑपरेशन लागलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंही आता त्यात येतात. काही शस्त्रक्रिया या योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या असतात, म्हणून भरती होण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. योजनेत बसलेल्या उपचारासाठी वरून पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.

खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावायची, असा महाराष्ट्राचा २०२१ चा नियम आहे. आपले कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळाले पाहिजेत. फसवणूक झाली असं वाटलं तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. पण कागद हवेत : प्रत्येक चिठ्ठी, सोनोग्राफी, बायोप्सी, पक्की पावती.

ताशी एकाहून जास्त पॅड सलग दोन-तीन तास भिजत असेल, चक्कर येत असेल, पाळी चुकून पोटात एका बाजूला कळ येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट येते.

बाकी सगळ्यांनी टोळी निघायच्या आधी, गाडीत पाय ठेवायच्या आधी, गावच्या उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबीन करून घ्या आणि सहा महिने पुरतील एवढ्या लोहाच्या गोळ्या मागून घ्या.